साखर दुप्पट केली, प्रोटीन निम्मं झालं! कुठे चुकतंय?

विरजण (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही गाऱ्हाण्याचा.

नाशिकला, अंबडमध्ये एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ई. कोलाय या बॅक्टेरियाकडून एक एन्झाइम, म्हणजे कामाचं प्रोटीन, बनवून घ्यायचंय (नाव विचारू नका, नोकरी जाईल). बीएल२१ डीई३ जात, एन्झाइमचं जनुक वाहणारं पीईटी प्लाझमिड, कॅनामायसिन अँटिबायोटिक, सगळं नेहमीचंच. फ्लास्कमध्ये एलबीत (नेहमीचं पोषक खाद्य) वाढवलं की जेलवर प्रोटीनचा बँड (पट्टा) असा ठसठशीत येतो की साहेबांना चष्मा न लावता दिसतो. पण एलबीत ओडी (द्रवाचा गढूळपणा, त्यावरून पेशी किती ते कळतं) तीन-चारच्या वर जात नाही, म्हणजे लिटरमागे हाती येणार ते चिमूटभर.

म्हणून ५ लिटरच्या फर्मेंटरवर (हवा आणि ढवळणी असलेली टाकी) गेले. २ लिटर मिनिमल मीडिया (नुसते क्षार आणि साखर), ग्लुकोज लिटरला २० ग्रॅम, ३७ अंश, अमोनियाने पीएच ७ वर धरलेला. ओडी १४ ला जाऊन बसला तो बसलाच. आयपीटीजी (प्रोटीन बनवायचा इशारा देणारं रसायन) टाकल्यावर बँड आला, पण फिका.

साहेब म्हणाले, "उपाशी असतील, खायला वाढव." ग्लुकोज ४० ग्रॅम केलं. ओडी ११! आणि बँड शोधायला लागला. अमोनियाची बाटली मात्र रात्रीतून रिकामी.

तीन आठवडे गेलेत. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

टवाळ टोळ (सोमवार, रात्री ११.२४)

दोन प्लेट मिसळ, वर दही, वर जिलबी, असं हाणून कुणी कामाला जातं का? झोपलेत ते. उठवू नका.

पिपेट पुणेरी (मंगळवार, सकाळी ८.०२)

मिनिमल मीडियाच्या भानगडीत पडलातच कशाला? टीबी (एलबीपेक्षा सकस खाद्य) वापरा, नाहीतर ऑटोइंडक्शन (प्रोटीन बनवायचा इशारा आपोआप मिळतो). स्टडियर या शास्त्रज्ञाने २००५ मध्ये सगळं आखून दिलंय: ०.५ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के लॅक्टोज. संध्याकाळी टोचा आणि घरी जा. आधी चिमूटभर ग्लुकोज संपतं, तोपर्यंत लॅक्टोजला आत दार बंद. ग्लुकोज संपलं की दार उघडतं, लॅक्टोज आत जातं आणि इंडक्शन आपोआप होतं. ओडी बघत जागरण नको.

विरजण (मंगळवार, सकाळी ९.१५)

@पिपेट पुणेरी, ऑटोइंडक्शन फ्लास्कमध्ये केलंय, छान चालतं. पण पुढे मोठ्या टाकीत जायचंय. त्यातल्या ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा खर्च साहेब करू देणार नाहीत, शिवाय प्रत्येक बॅच वेगळी निघते. आणि घरी जा म्हणता, पण त्र्यंबक नाक्यावरून घरी पोचायला लागतो तेवढ्या वेळात माझ्या पेशी एकदा दुप्पट होतात.

जुना फर्मेंटर (मंगळवार, दुपारी १२.४०)

विरजण, उपाशी नाहीत ते. उलट तू त्यांना भरल्या ताटावर बसवलंयस आणि ताट कुणी उचलत नाहीये.

मी तीस वर्षं पेनिसिलिनच्या प्लँटवर काढली. बुरशी वेगळी, पण दुखणं हेच. समोर भरपूर ग्लुकोज दिसलं की ई. कोलाय ते भसाभसा आत ओढतो. आवक जोरात, भट्टीची ताकद मात्र तेवढीच. उरलेला माल तो अर्धवट जाळून ॲसिटेट (व्हिनेगरमधलं आम्ल) म्हणून बाहेर फेकतो. हवा कमी पडली म्हणून नव्हे, हवा मुबलक असली तरी फेकतो. पूर्ण श्वसनाची यंत्रणा उभारायची तर पेशीला जास्त प्रोटीन खर्चावं लागतं. ॲसिटेटचा रस्ता स्वस्त पडतो, म्हणून घाईत असलेला बॅक्टेरिया स्वस्त रस्ता धरतो.

तुझी साखर गेली त्या ॲसिटेटमध्ये. ते लिटरला काही ग्रॅम साठलं की वाढ मंदावते आणि प्रोटीन बनणं त्याहून आधी मार खातं. अमोनिया रात्रीत संपला तो हे आम्ल मारण्यात. के-१२ या ई. कोलायच्या दुसऱ्या जातीपेक्षा तुझा बीएल२१ ॲसिटेट कमी करतो, परत खातोही बऱ्यापैकी. पण ४० ग्रॅम साखरेपुढे त्याचंही काही चालत नाही.

एक विचारतो. ब्रॉथला (पेशी वाढतात त्या द्रवाला) व्हिनेगरचा वास येतो का?

विरजण (मंगळवार, दुपारी १.०५)

नाही हो काका, म्हणूनच ॲसिटेट मनातून काढून टाकलं होतं. नेहमीचा ई. कोलायचा कुबट वास, बस.

जुना फर्मेंटर (मंगळवार, दुपारी १.३०)

पीएच ७ वर कसा येईल? तिथे ते मीठ होऊन बसलेलं असतं. पेशी खाली बसव, वरचं पाणी थोडं परीक्षानळीत घे, हूडखाली पीएच चारच्या खाली आण आणि हलकेच हुंग. नाक खुपसू नकोस. आम्ही एचपीएलसी (हे सगळं मोजणारं मशीन) यायच्या आधी हेच करायचो.

विरजण (मंगळवार, सायंकाळी ६.४८)

केलं. लोणच्याची बरणी!!

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण हुक्की आली म्हणून बाबांचा शुगर तपासायचा ग्लुकोमीटर दुपारी घरून आणवला. २० ग्रॅमवाल्या रनचं ओडी १४ ला काढलेलं सँपल फ्रीजमध्ये होतं. स्ट्रिपवर थेंब टाकला, मशीन म्हणालं "हाय". म्हणजे डेसिलिटरला ६०० मिलिग्रॅमच्या वर. लिटरला ६ ग्रॅमहून जास्त ग्लुकोज तसंच पडून, आणि हे आपले बसलेत.

आजोळ पंचवटी (मंगळवार, रात्री ८.१२)

मी यातली नाही, गृहिणी आहे, पण वाचतेय. एक शंका. साखर जास्त झाली तर कमी घाला, इतकं सोपं नाही का?

जुना फर्मेंटर (मंगळवार, रात्री ९.२०)

वहिनी, शंका रास्त आहे. पण आधीच कमी घातली तर पेशीही कमीच होतात. साखरेच्या साधारण ४० ते ५० टक्के वजनाच्या पेशी मिळतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे साखर भरपूर द्यायचीय, पण कोणत्याही क्षणी भांड्यात ती दिसता कामा नये. येईल तशी तिथल्या तिथे संपली पाहिजे. यालाच फेड-बॅच म्हणतात.

कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेन्मार्क आणि जर्मनीतल्या पावाच्या यीस्टवाल्यांनी ती काढली. एकदम मळी ओतली की यीस्ट दारू करत बसायचं आणि यीस्ट हाती कमी यायचं. म्हणून त्यांनी मळी थोडी थोडी सोडायला सुरुवात केली. पेनिसिलिनमध्ये आधी लॅक्टोज घालायचे, कारण बुरशी ते रेंगाळत खाते. पुढे लक्षात आलं की स्वस्त ग्लुकोज हळूहळू सोडलं तरी तेच काम होतं. मग लॅक्टोज गेलं.

दिंडोरीचा बागायतदार (मंगळवार, रात्री १०.०५)

राम राम. मुलाने धागा दाखवला. ताई, तुमचं म्हणजे ठिबकच झालं की!

आमच्या आजोबांच्या वेळी बागेला पाटाने पाणी सुटायचं आणि खत बुंध्याशी टोपल्याने. वेल एकदम उचल घ्यायची आणि मग आठ दिवस रुसून बसायची. आता ठिबकमधून विद्राव्य खत, तेही अवस्था बघून. छाटणीनंतर वेगळं, फुलोऱ्यात ०:५२:३४, पाणी उतरताना पोटॅश. नत्र जास्त झालं की वेल माजते. पानोळा बघून लोक म्हणतात वा, आणि घडात काही नसतं. तुमची बॅक्टेरिया माजली म्हणायची का?

आणि माझंही एक दुखणं आहे. २०० लिटरच्या ड्रममध्ये २ किलो गूळ टाकून स्यूडोमोनास (उपयोगी जिवाणू) वाढवतो, ठिबकने सोडायला. एकाने सांगितलं गूळ १० किलो कर, पाचपट होईल. केलं. आंबूस वास, वर फेस, आणि बागेत काही फरक नाही. तेच का हे?

जुना फर्मेंटर (मंगळवार, रात्री १०.५०)

दादा, वेल माजण्याचं उदाहरण आमच्या कॉलेजच्या पुस्तकात असतं तर आम्ही लवकर शहाणे झालो असतो.

तुमच्या ड्रमचं दुखणं थोडं निराळं. साखर पाण्यात लिटरला शेकड्याने ग्रॅम विरघळते, प्राणवायू मात्र या तापमानाला जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. झाकण लावलेल्या ड्रममध्ये तो काही मिनिटांत संपतो. स्यूडोमोनासला हवा लागते. हवा संपली की तो मागे पडतो आणि आंबवणारे बाकीचे पाहुणे तुमचा गूळ खातात. माशांच्या टाकीचा नव्हे, चांगला मोठा हवेचा पंप लावा आणि गूळ २ किलोच ठेवा. घालायचाच असेल तर चार हप्त्यांत.

तळघरातला (बुधवार, सकाळी ७.३०)

मी वाइनरीत आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला. आमच्याकडे उलटी गंगा: यीस्टने साखर अर्धवट जाळून दारू करावी हीच अपेक्षा, त्यामुळे रस सगळा पहिल्यापासून समोर. आम्ही हप्ते पाडतो ते नत्राचे. थोडं डीएपी सुरुवातीला, थोडं साखर एक तृतीयांश उतरल्यावर. कमी पडलं तर टाकीला सडक्या अंड्याचा वास सुटतो. उशिरा घातलं तर उपयोग नाही, अल्कोहोल वाढल्यावर यीस्ट ते धड उचलत नाही.

म्हणून विचारतो, विरजण ताईंनी साखर भरपूर ठेवून नत्र आखडतं घेतलं तर?

पिपेट पुणेरी (बुधवार, सकाळी ९.४४)

@तळघरातला, नको! प्रोटीनच्या वजनात साधारण १६ टक्के नत्र असतं. नत्र तोडून प्रोटीन मागणं म्हणजे कणीक न देता पोळ्या लाटायला सांगणं. शिवाय नत्र तोडलं तरी साखर समोर असतेच, ॲसिटेट चालूच राहतं. तोडायचा तो कार्बन.

पण तुमचा प्रश्न वाया नाही. बागायतदार दादा घडांना जीए देतात ना, ते जिबरेलिक ॲसिड एका बुरशीकडूनच करून घेतात. जपानमध्ये भाताची रोपं तिच्यामुळे काठीसारखी उंच आणि निकामी व्हायची. तो पदार्थ बुरशीचाच आहे हे कुरोसावाने १९२६ मध्ये दाखवलं. टाकीतलं नत्र संपतं तेव्हा कुठे ती जीए करायला लागते. जीएच्या रेणूत नत्राचा एक अणूही नाही, म्हणून तिला ते परवडतं. काय आखडायचं हे माल काय हवा त्यावर ठरतं.

(आणि हो, कालचा माझा ऑटोइंडक्शनचा सल्ला फ्लास्कपुरता बरोबर होता. टाकीबद्दल काकांचं ऐका.)

दिंडोरीचा बागायतदार (बुधवार, सकाळी १०.३०)

काय सांगता! वीस वर्षं घड जीएत बुडवतोय, आज कळलं ते भाताच्या रोगातून आलंय.

विरजण (बुधवार, दुपारी २.००)

काका, पंप आहे. किती सोडू ते सांगा ना. साहेबांनी "एक रन कर, मग बघू" म्हटलंय.

जुना फर्मेंटर (बुधवार, दुपारी ४.१५)

कागद घे.

बॅचमध्ये ग्लुकोज १० ग्रॅमच ठेव. त्यातून लिटरला साधारण ४ ग्रॅम कोरड्या पेशी होतील, ओडी दहा-बारा. २ लिटरमध्ये ८ ग्रॅम पेशी. ग्लुकोज संपलं की आयता इशारा मिळेल: डीओ (विरघळलेला प्राणवायू) एकदम उसळी मारेल आणि पीएच वर सरकायला लागेल. मधे एकदा छोटी उसळी येऊन डीओ परत पडला तर घाई करू नकोस, ते साठलेलं ॲसिटेट खातायत. ते संपू दे.

आता त्यांना तासाला ०.१५ च्या वेगाने, म्हणजे ग्रॅमभर पेशींमागे तासाला ०.१५ ग्रॅम, वाढवायचंय. त्यांची ताकद याच्या तिप्पट-चौपट आहे, म्हणून हा वेग त्यांना आरामाचा. ०.१५ गुणिले ८ ग्रॅम पेशी, भागिले ०.५ यील्ड (ग्रॅमभर साखरेमागे पेशी): तासाला २.४ ग्रॅम साखर. फीड (पंपाने सोडायचं साखरेचं पाणी) लिटरला ५०० ग्रॅमचं केलंस तर ४.८ मिली. तिथून दर साडेचार-पावणेपाच तासांनी दुप्पट, कारण तोंडंही दुप्पट होतात. सव्वानऊ तासांनी पंप १९ मिलीवर असेल, पेशी ३२ ग्रॅम, ओडी चाळिशीच्या पुढे.

फीडमध्ये मॅग्नेशियम सल्फेट घालायला विसरू नकोस. बॅचमधलं पुरत नाही, आणि सुरुवातीलाच सगळं ओतलंस तर फॉस्फेट-अमोनियाबरोबर पांढरा गाळ धरतं. नत्राची काळजी नको, पीएचसाठी अमोनिया जातोय तेच त्यांचं नत्र.

आणि खात्री करायची युक्ती: पंप अर्धा मिनिट बंद कर. डीओ लगेच वर उडाला तर साखर तोंडाशी येताच संपतेय, बरोबर चाललंय. ढिम्म राहिला तर भांड्यात साखर शिल्लक आहे, फीड कमी कर.

अवांतर: तो ग्लुकोमीटर घरी परत नेऊ नकोस.

विरजण (शुक्रवार, पहाटे ५.२०)

घात झाला.

सहा तास सगळं तुमच्या कागदाप्रमाणे. पंप बंद केला की डीओ टुणकन वर, चालू केला की खाली, मला तर खेळच झाला होता तो. ओडी २५. मग दोन वाजता लाइट गेली. अकरा मिनिटं.

पंप यूपीएसवर होता. स्टिरर आणि कॉम्प्रेसर नव्हते.

अकरा मिनिटं तो पंप इमानेइतबारे साखर सोडत राहिला आणि हवा शून्य. लाइट आल्यावर डीओ वर यायलाच तयार नाही, अमोनिया धो धो. आत्ता हूडखाली हुंगून आले. परत लोणचं.

टवाळ टोळ (शुक्रवार, सकाळी ७.१०)

पाहुणे बेशुद्ध आणि वाढपी आग्रह करतोय.

जुना फर्मेंटर (शुक्रवार, सकाळी ८.००)

रडू नकोस. पंप स्टिररच्या लाइनवर घे, हवा बंद तर जेवण बंद. आमच्या प्लँटवर हे इंटरलॉक टाकायला एक आख्खी टाकी गटारात सोडावी लागली होती. तुझे दोनच लिटर गेले.

विरजण (पुढचा बुधवार, रात्री १०.४५)

मंडळी, उशीर झाला कळवायला.

पंप आणि स्टिरर एका बोर्डवर घेतले. सोमवारी परत रन. नऊ तासांनी ओडी ४१! काकांचं गणित शेवटच्या अंकापर्यंत नाही, पण साहेबांनी दोनदा डायल्यूट करून बघितलं इतपत जुळलं. मग आयपीटीजी टाकलं आणि तापमान २५ वर आणलं, कारण हे एन्झाइम ३७ ला गोळे होऊन बसतं आणि विरघळत नाही.

इथे परत फसणार होते. तापमान उतरवलं आणि पंप तसाच वाढता ठेवला. अर्ध्या तासाने सवयीने पंप थांबवून बघितला तर डीओ ढिम्म. तेव्हा ट्यूब पेटली: थंडीत त्यांची भूक कमी झाली, वाढपी मी तोच. फीड थेट ६ मिलीवर आणून तिथेच स्थिर ठेवलं. चाळीसेक मिनिटांत उसळी परत यायला लागली.

जेलवर बँड एलबीच्या फ्लास्कइतकाच जाड, पण त्यामागे दहापट पेशी. अर्ध्याहून जास्त विरघळलेल्या भागात आहे. बाकीचे गोळेच. त्यावर २० अंशांचा रन शुक्रवारी.

पिपेट पुणेरी (पुढचा बुधवार, रात्री ११.०२)

अभिनंदन. शुक्रवारनंतर आयपीटीजी ०.१ मिलिमोलरवर आणून बघा, बहुतेक १ ची गरज नाही. हळू बनवलं तर घडीही नीट पडते. अर्थात ०.१ चा वेगळा रन घ्या, तापमान आणि आयपीटीजी एकदम बदललंत तर श्रेय कुणाला द्यायचं कळणार नाही.

आजोळ पंचवटी (गुरुवार, सकाळी ७.५५)

मी रोज उठून आधी हा धागा बघत होते. कालच्या रात्री ह्यांना पण वाचून दाखवला.

दिंडोरीचा बागायतदार (गुरुवार, दुपारी १२.२०)

ताई, अभिनंदन. इकडे ड्रमला पंप लावला, गूळ चार हप्त्यांत. आंबूस वास गेला. बागेत फरक पडतो का ते गोडी छाटणीनंतर सांगतो, आत्ताच पतंग उडवत नाही.

जुना फर्मेंटर (गुरुवार, दुपारी ३.१०)

छान. पंपाची ट्यूब प्रत्येक रनला बदल, दाबून दाबून ती सैल पडते आणि कमी सोडते. मशीन घरी नेलं नाहीस ना?

विरजण (गुरुवार, रात्री ९.३०)

ट्यूब बदलली. मशीनचं... तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच, त्या मंगळवारी रात्री, स्पिरिटने पुसून आईकडे परत दिलं होतं. काल बाबा तपासणीला मशीन घेऊन गेले. डॉक्टरांनी मेमरी उघडली. "काका, मागच्या मंगळवारी संध्याकाळी 'हाय' आलंय, नेमकं काय खाल्लं होतंत?" बाबा शपथेवर सांगतायत फक्त भाकरी आणि मेथी. आईने घरी येऊन डबे तपासले, पेढ्यांचा बॉक्स सापडला, तो वेगळाच गुन्हा निघाला.

शेवटी मी कबूल केलं. आज मेन रोडवरून त्यांना नवीन आणून दिलं आणि जुनं लॅबमध्ये कायमचं ठेवलं, वर मार्करने "फक्त ई. कोलाय". सोमवारच्या रनचं फीड स्थिर झाल्यानंतरचं सँपल लावलं. "लो".